राइझर एवढा मोठा का, हे कुठं लिहिलंय?

पत्र : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. पप्पांनी उभी केली, मी इंजिनिअरिंग करून त्यात आले. एसजी आयर्नचे, म्हणजे एका चिवट जातीच्या ओतीव लोखंडाचे, ट्रॅक्टरचे भाग ओततो. गेल्या वर्षी एका सल्लागारांच्या सांगण्यावरून मी नॉलेज मॅनेजमेंटचं, म्हणजे कारखान्यातलं ज्ञान साठवायचं, सॉफ्टवेअर घेतलं. कार्यपद्धती, ड्रॉइंग, तपासणीचे रिपोर्ट सगळं त्यात चढवलं. पण कुणी ते उघडत नाही. फॉर्म भरा म्हटलं की सुपरवायझर मान डोलावतात आणि शिफ्ट संपली की घरी जातात. पॅटर्न शॉपचे (जिथं साच्यासाठी नमुने बनतात) मामा दिवाळीनंतर निवृत्त होतायत. त्यांच्याजवळ जे आहे ते लिहून द्या म्हटलं, तर म्हणाले, ‘पोरी, हे लिहून कळत असतंय व्हय?’ पप्पा म्हणतात, ज्ञान हातात असतं, कॉम्प्युटरात नाही. आता एका पंप कंपनीकडून पातळ भिंतीच्या कास्टिंगची (ओतीव भागाची) चौकशी आलीय. असं काम आम्ही कधी केलेलं नाही. सिस्टिम असली की इनोव्हेशन वाढतं असं सल्लागार म्हणाले होते. मला तर तिच्यातून एकही नवी गोष्ट निघालेली दिसत नाही. पैसे वाया गेले का?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : पैसे वाया गेलेले नाहीत. पण तुम्ही त्या सॉफ्टवेअरमध्ये जे भरलंय त्यातून नवं काही निघणार नाही, हेही खरं. कार्यपद्धती, ड्रॉइंग आणि रिपोर्ट यांच्या जोरावर कालचं काम उद्या तसंच करता येतं. ऑडिटला ते लागतंच. नव्या कामाला मात्र वेगळा माल लागतो, आणि तो तुमच्या सिस्टिममध्ये अजून आलेलाच नाही. तो माल म्हणजे कारणं आणि फसलेले प्रयत्न.

कारणांचं आधी बघू. तुमच्या एखाद्या जुन्या पार्टचं मेथडिंग, म्हणजे धातू साच्यात कसा भरायचा याची आखणी, काढा. समजा त्याला गरजेपेक्षा मोठा वाटावा असा राइझर आहे, म्हणजे गोठताना आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणारा जादा साठा. पॅटर्नवर तो आहे, ड्रॉइंगमध्ये आहे, सिस्टिममध्येही आहे. तो एवढा मोठा का, हे मात्र कुठंच नाही. आता एखादा नवा मुलगा येतो, यील्ड (ओतलेल्या धातूतला कामी येणारा वाटा) वाढवायचं म्हणून राइझर लहान करतो, श्रिंकेज येतं, म्हणजे धातू आकसून आत पोकळी पडते, आणि लॉट परत येतो. पप्पा म्हणतात, ‘जुनी माणसं काय येडी होती व्हय?’ त्यानंतर त्या राइझरला पुन्हा कुणी हात लावत नाही. धातू दरवर्षी वितळतो, वीज जळते आणि राइझर तसाच राहतो.

आता समजा त्या ड्रॉइंगशेजारी दोन ओळी असत्या : ‘हा पार्ट आला तेव्हा मोल्ड हातानं ठोकत होतो. साचा मऊ राहायचा, ओतल्यावर भिंत सरकायची आणि आत पोकळी पडायची. म्हणून राइझर वाढवला.’ तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला लगेच दिसेल. एसजी आयर्न गोठताना त्यात ग्राफाइट तयार होतं आणि धातू फुगतो. साचा घट्ट असेल तर ते फुगणं आतल्या आत आकुंचन भरून काढतं. साचा मऊ असेल तर भिंत बाहेर ढकलली जाते आणि फायदा वाया जातो. म्हणजे पुढं तुम्ही साचा यंत्रानं घट्ट दाबणारी हाय प्रेशर मोल्डिंग लाइन घेतली असेल, तर राइझर मोठा ठेवण्याचं कारण संपलेलंही असू शकतं. केमिस्ट्री आणि ओतण्याचं तापमान हाताशी ठेवून लहान राइझरची ट्रायल घ्यायला तिथं जागा आहे. कारण लिहिलेलं असेल तर ते कधी संपलं हे कळतं. नुसता नियम लिहिला तर तो कायमचा होऊन बसतो. नॉलेज मॅनेजमेंट आणि इनोव्हेशन यांचं खरं नातं मला इथं दिसतं, आणि सल्लागार मंडळी नेमकं हेच सांगत नाहीत.

दुसरा माल फसलेल्या प्रयत्नांचा. त्यात फाउंड्रीची एक खास अडचण आहे. रिजेक्ट झालेलं कास्टिंग आपण पुन्हा भट्टीत टाकतो. धंद्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, पण पुरावाही त्याच्याबरोबर वितळतो. ब्लो होल (गॅसचं भोक) कुठं होतं, कोअरच्या (पोकळी ठेवायला साच्यात बसवलेल्या वाळूच्या ठोकळ्याच्या) कोणत्या बाजूनं गॅस आला, कोल्ड शट (गार धातूची न जुळलेली रेघ) कोणत्या कोपऱ्यात दिसला, हे चार दिवस लोकांच्या तोंडी राहतं आणि मग विसरलं जातं. उरतो तो महिन्याच्या रिपोर्टमधला टक्का. टक्क्यावरून कुणाला काही शिकता येत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना सॉफ्टवेअरबद्दल नाहीच. डेव्हलपमेंट पार्टचं प्रत्येक फसलेलं सॅम्पल दोषाच्या जागी कापा, त्याची एक चकती ठेवून घ्या आणि बाकीचं भट्टीत जाऊ द्या. चकतीवर पेंटनं पार्ट नंबर आणि हीट नंबर, म्हणजे धातू भट्टीच्या कोणत्या खेपेचा ते, टाका. पॅटर्न शॉपच्या भिंतीला एक रॅक करा, चकत्या तिथं ठेवा. सिस्टिममध्ये त्याच चकतीचा फोटो, काय केलं होतं, काय झालं, काय कारण वाटतं आणि पुढं काय बदललं, एवढंच. ‘वाटतं’ हा शब्द राहू द्या. खात्री झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं तर कुणीच लिहिणार नाही.

फसलेल्याला घरात जागा असली की काय होतं याचं एक प्रसिद्ध उदाहरण थ्रीएम या अमेरिकन कंपनीतलं आहे. स्पेन्सर सिल्व्हर हे तिथले रसायनशास्त्रज्ञ. 1968 मध्ये त्यांच्या हाती एक असा गोंद लागला जो धड घट्ट चिकटत नव्हता, सहज निघून यायचा. त्यांना मजबूत गोंद हवा होता, म्हणजे त्या अर्थानं प्रयोग फसलाच. पण त्यांनी तो दडवला नाही. कंपनीच्या आतल्या व्याख्यानांतून ते वर्षानुवर्षं त्याबद्दल सहकाऱ्यांना सांगत राहिले. तिथल्याच आर्ट फ्राय यांनी ते ऐकलं होतं. चर्चमध्ये गाताना भजनाच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या खाली पडायच्या, त्या वैतागातून 1974 मध्ये त्यांना तो गोंद आठवला. 1980 मध्ये पोस्ट-इट चिठ्ठ्या अमेरिकेभर बाजारात आल्या. गोंद एकाचा, अडचण दुसऱ्याची. दोघांची गाठ पडली ती फसलेली गोष्ट उघडपणे बोलली गेली म्हणून. अशी गाठ पडण्याची शक्यता वाढवणं एवढंच नॉलेज सिस्टिमचं काम. कल्पना तिला सुचत नाही, माणसालाच सुचते.

यात तुमच्या पप्पांची मदत लागेल, कारण फसलेलं लिहायला लोक घाबरतात. ज्या शॉपमध्ये रिजेक्शन निघालं की आधी ‘कुणी केलं?’ असा प्रश्न येतो, तिथं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये खरं कधीच लिहिलं जात नाही. मालकानं स्वतः एक-दोन जुने फसलेले निर्णय आपल्या नावानं लिहून टाकले, तर फॉर्मसाठी केलेल्या शंभर सूचनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. पप्पांना हे तुम्हीच सांगू शकता, बाहेरचा माणूस नाही.

आता मामा. लिहून कळत नाही असं ते म्हणाले, ते बरोबर आहे. पप्पांचंही बरोबर आहे, पण अर्धंच. हातातलं ज्ञान जसंच्या तसं कागदावर उतरत नाही. पण कुणी शेजारी बसून पाहिलं तर त्यातलं बरंच काही पकडता येतं. जपानच्या मात्सुशिता कंपनीत 1985 च्या सुमारास घरगुती ब्रेड मशिन तयार होत होतं. मशिनला पीठ नीट मळता येईना. बाहेर करपायचं, आत कच्चं राहायचं. माणसाच्या मळण्याचे आणि मशिनच्या मळण्याचे एक्स-रे काढूनही काही कळेना. मग इकुको तनाका नावाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरनं ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली उमेदवारी केली. बेकर पीठ एका खास तऱ्हेनं ताणतो, हे तिनं पाहिलं आणि स्वतः करून शिकलं. त्यानंतर इंजिनिअरांबरोबर बसून, पुष्कळ चुका करत, मशिनच्या भांड्याला आतून उभ्या धारा बसवल्या आणि ते ताणणं मशिनमध्ये आणलं. बेकरनं एक ओळ लिहिली नव्हती. लिहिण्याजोगं काय आहे हे तनाकाला कळलं, कारण ती शेजारी होती आणि तिच्यापुढं सोडवायचा एक नेमका प्रश्न होता.

नेमका प्रश्न हाच इथला कळीचा भाग. मामांना ‘तुमच्याजवळचं सगळं सांगा’ म्हणू नका. सगळं कुणालाच सांगता येत नाही. त्यांच्यापुढं पंपाच्या कास्टिंगचं ड्रॉइंग ठेवा आणि विचारा, ‘मामा, यात तुम्हाला भीती कुठं वाटते?’ ते बोट ठेवतील. ‘हितं कोअर टेकायला जागा न्हाई.’ ‘हितनं गॅस कुठनं जाणार?’ मग विचारा, असं आधी कुठल्या पार्टला झालं होतं? तेव्हा काय केलं? या बोलण्यात ज्ञान कामाला लागलेलं असतं, म्हणून ते बाहेर येतं. शेजारी पॅटर्न शॉपचा एक तरुण मुलगा बसवा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. मामांच्या बोलीतच राहू द्या, पुस्तकी मराठीत आणू नका. ‘वाळू हातात धरली की बोटाचा ठसा असा उठाय पाहिजे’ या वाक्यात जे आहे ते मॉइश्चरच्या आकड्यात पूर्ण येत नाही. दोन्ही ठेवा. त्या दिवशीचा सँड टेस्टचा आकडा त्या वाक्यापुढं लिहिला, तर उद्याच्या मुलाला ठसा आणि आकडा दोन्ही जुळवता येतील.

पावसाळ्याबद्दल मामांना वेगळं विचारा, विसरू नका. सोडियम सिलिकेट या रसायनानं बांधलेले कोअर दमट हवेत किती वेळ ठेवले की ढिले पडतात, कुठल्या महिन्यात ते कुठं ठेवायचे, कोअर पुन्हा कधी भाजून घ्यायचे, याचं शहाणपण कोल्हापूरच्या प्रत्येक फाउंड्रीत आहे आणि बहुतेक ठिकाणी एकाच माणसाजवळ आहे. पंपाच्या कामात कोअरच जास्त असणार.

मामांच्या मनात आणखी एक गोष्ट असेल, जी ते तुम्हाला बोलून दाखवणार नाहीत. आपण सगळं सांगून टाकलं तर आपली किंमत काय उरली? हा प्रश्न रास्त आहे. त्याला गोड बोलून उत्तर देऊ नका, पैशानं आणि मानानं द्या. निवृत्तीनंतर आठवड्यातून एखादा दिवस सल्ल्याला यायचं, त्याचं मानधन किती, जायची-यायची सोय काय, हे पप्पांकडून आत्ताच ठरवून घ्या आणि कागदावर द्या. आणि मामांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं नाव घाला. झेरॉक्स कंपनीत कॉपियर दुरुस्त करणारे तंत्रज्ञ कसे काम करतात याचा अभ्यास ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात केला. मॅन्युअलमध्ये नसलेल्या बिघाडांची उत्तरं तंत्रज्ञ एकमेकांना खाता-पिता किस्से सांगत देतात, असं त्यांना दिसलं. पुढं त्याच कंपनीत युरेका नावाची सिस्टिम आली. त्यात तंत्रज्ञांनीच युक्त्या लिहायच्या, दुसऱ्या जाणकार तंत्रज्ञांनी तपासायच्या आणि युक्तीसोबत देणाऱ्याचं नाव राहायचं. नाव असलं की माणूस जपून लिहितो. वाचणाऱ्यालाही पुढं कुणाला विचारायचं ते कळतं.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. तुमच्या सिस्टिममध्ये उत्तर नसलं तरी चालेल, पण उत्तर कुणाकडं आहे हे सापडलं पाहिजे. मेल्टिंगला वीस वर्षं असलेला माणूस, फेटलिंगमध्ये (ओतलेल्या भागांच्या साफसफाईत) बोलघेवडा नसलेला पण प्रत्येक दोष पहिल्यांदा पाहणारा माणूस, अशांची नावं कुठल्याही हुद्द्यांच्या तक्त्यात नसतात. तुमच्याकडं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची पोरं असतीलच. त्यांच्या हातून रोज शेकडो साचे जातात, पण मराठी किंवा इंग्रजी फॉर्म पुढं केला की ती गप्प होतात. त्यांना हिंदीत व्हॉइस मेसेज पाठवू द्या आणि तो सिस्टिममध्ये चढवायचं काम ऑफिसातल्या कुणाला तरी द्या.

हातातून हातात आलेलं ज्ञान काय करू शकतं हे कोल्हापूरला बाहेरून शिकायची गरज नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री घराण्यातले. चलतचित्राचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास दोघांनी घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांच्या साथीनं 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करता करता शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि 1929 मध्ये याच गावात सीताराम कुलकर्णींसोबत त्यांनी प्रभात उभी केली. मला यात दोन गोष्टी दिसतात. माणसं शेजारी बसून शिकली म्हणूनच पुढं नवं करू शकली. आणि माणसं गेली की त्यांच्याबरोबर ज्ञानही जातं. तुमच्याकडची तरुण मुलंही उद्या गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या मोठ्या कारखान्यात जातील. जाऊ द्या. पण जाण्याआधी त्यांनी केलेल्या कामामागचं कारण तुमच्याकडं राहिलं पाहिजे. ग्राहकाची ड्रॉइंग मात्र कुणाला दिसावीत, कुणाला नाही, हे आधी ठरवून सिस्टिममध्ये तसे कुलूप लावा. पंप कंपनी पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारेल.

वापराची सवय कशी लागेल? शिफ्टच्या शेवटी फॉर्म भरायचा नियम आजच काढून टाका. दमलेल्या माणसाकडून तो भरून घेणं अन्यायाचं आहे, आणि त्यातून येतो तो कचरा. सिस्टिम उघडायची वेळ एकच ठरवा : नवा पार्ट आला की, पॅटर्नला हात लावायच्या आधी. मेथडिंग, मेल्टिंग, मोल्डिंग, फेटलिंग यांचा एकेक माणूस आणि मामा अर्धा-पाऊण तास बसतील. असलं काही आधी केलंय का, कुठं फसलंय, कुणाला विचारायचं, हे शोधतील. रॅकवरच्या चकत्या टेबलावर येतील. शोधताना जे सापडलं नाही ते तिथंच लिहायचं काम पडेल, म्हणजे भरणंही गरजेतून होईल.

पंपाच्या कामासाठी या बैठकीत काय निघेल याचा अंदाज मी बांधू शकते. पातळ भिंत लवकर थंड होते, म्हणून कार्बाइड होऊन कडक जागा पडायची भीती. मशिनिंगला गेल्यावर टूल तुटतील. मग इनॉक्युलेशन, म्हणजे कार्बाइड टाळायला धातूत घालायची भर, कुठं आणि किती, हा प्रश्न. एसजी आयर्नसाठी मॅग्नेशियम दिल्यानंतर ओतायला उशीर झाला तर त्याचा असर उतरतो, आणि पातळ कामात गार धातूही चालणार नाही, म्हणजे लॅडल (धातू ओतायचं भांडं) किती मोठा घ्यायचा, हा प्रश्न. तुमच्या ट्रॅक्टरच्या एखाद्या पार्टला एका कोपऱ्यात पातळ फासळी असेलच. तिथं आत्तापर्यंत काय काय झालं हे फेटलिंग आणि मशिन शॉपवाल्यांना विचारलंत, तर ‘असं काम आम्ही कधी केलेलं नाही’ हे तुमचं वाक्य अर्धं खोटं ठरेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. कास्टिंग सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर ओतून बघणं, जरूर करा, पण त्यात घालायचे आकडे तुमच्या वाळूचे आणि तुमच्या भट्टीचे असू द्या. तेही याच बैठकीतून मिळतील.

यासोबत पप्पांकडून आणखी एक गोष्ट मागून घ्या : ट्रायलसाठी थोडा धातू आणि लाइनवरचा थोडा वेळ, ज्याचा हिशेब रिजेक्शनमध्ये धरला जाणार नाही. जुन्या कारणांतून नवी शक्यता दिसली आणि ती करून बघायला जागाच नसली, तर माणसं दोन वेळा सांगतात आणि तिसऱ्यांदा गप्प बसतात. थ्रीएममध्ये तांत्रिक लोकांना कामाच्या वेळेतला 15 टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा असते. आपल्या मार्जिनमध्ये ते जमणार नाही. महिन्यातली एखादी हीट मात्र जमेल.

ऑडिटचं म्हणाल तर काळजी नको. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 7.1.6 हे कलम संस्थेच्या ज्ञानाबद्दलच आहे, आणि अपयशांतून व यशांतून शिकलेलं, कागदावर न आलेलं अनुभवाचं ज्ञान, हे सगळं त्यात धरलेलं आहे. तुमचा चकत्यांचा रॅक आणि बैठकीची नोंद ऑडिटरला दाखवा. पीएफएमईएमध्येही (काम कुठं फसू शकतं याच्या तक्त्यात) हीच कारणं घाला, म्हणजे ती फाइल जुन्या पार्टची कॉपी करून बनणार नाही.

सॉफ्टवेअरचं नूतनीकरण येईल तेव्हा किती नोंदी झाल्या हे मोजू नका. त्या वर्षातले नवे पार्ट काढा आणि प्रत्येकापुढं लिहा : जुनं काही सापडल्यामुळं मेथडिंगमध्ये काय बदललं? दोन-तीन पार्टपुढं जरी ठोस काही लिहिता आलं, तर पैसे भरा. काहीच लिहिता आलं नाही तर साधी शेअर्ड फोल्डर आणि एक वही पुरेल, रॅक मात्र काढू नका. पण ते पुढचं. दिवाळीला फार दिवस नाहीत. या आठवड्यात पप्पांशी मामांच्या मानधनाचं बोला, आणि पंपाचं ड्रॉइंग मोठ्या कागदावर प्रिंट काढून मामांच्या टेबलावर ठेवा.